इंग्रजीचा नियम पाठ आहे तरी तीच चूक परत परत होते? मागचं मराठी वाक्य तपासा

ज्यांना हा प्रॉब्लेम आहे त्यांना तो लगेच कळेल. ग्रामरचा एक्सरसाइज सोडवला, दहापैकी दहा बरोबर, आणि दुसऱ्या दिवशी मेल लिहिताना किंवा फोनवर बोलताना नेमकी तीच चूक. मग परत तोच धडा, परत दहापैकी दहा, परत तीच चूक. माझं असं सहा-सात वर्षं चाललं होतं. मी मराठी मीडियमची, २००० साली आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं त्याच्या आधीची बॅच, म्हणजे एबीसीडी पाचवीत. कॉमर्स करून एमआयडीसीत डिस्पॅचला लागले आणि तिथे रोज वीस-पंचवीस मेल इंग्रजीत. काम अडत नव्हतं, समोरच्याला कळत होतं, पण काही चुका काही केल्या जात नव्हत्या आणि त्यामुळे मीटिंगमध्ये तोंड उघडायचीच भीती बसली होती.

शेवटी एका शनिवारी मी महिनाभरात पाठवलेल्या मेल्सपैकी चाळीस प्रिंट काढले, लाल पेन घेतलं आणि ऑफिसातल्या एका सिनियर ताईंना शेजारी बसवलं, त्यांचं इंग्रजी खरंच चांगलं आहे. मला वाटत होतं शंभर प्रकारच्या चुका निघतील. निघाल्या सात प्रकारच्या. सातच, पण पानोपानी त्याच. मग ताई म्हणाल्या की आता प्रत्येक लाल खुणेच्या शेजारी, लिहिताना मनात काय आलं होतं ते मराठीत लिही. ते लिहीत गेले तसं मला दिसायला लागलं की जवळजवळ प्रत्येक ठिकाणी मनातलं मराठी वाक्य अगदी बरोबर होतं आणि मी त्याचीच मांडणी उचलून त्यात इंग्रजी शब्द बसवले होते. नियम मला येत होता, पण तो नियम इंग्रजी वाक्याला लावायचा असतो आणि माझ्याकडे तेव्हा इंग्रजी वाक्य नव्हतंच!

त्यामुळे पुस्तक उघडायच्या आधी हे एवढं करा. स्वतःचं लिहिलेलं तीस-चाळीस मेल, मेसेज, जे असेल ते काढा, ज्याला येतं त्याच्याकडून फक्त खुणा करून घ्या, दुरुस्ती करून घेऊ नका. मग खुणेकडे बघून तुमची तुम्हाला चूक सापडते का ते बघा. सापडली तर नियम माहीत आहे, सवय नाहीये. नाही सापडली तर नियमच माहीत नाहीये, तो शिकायला लागेल. या दोन्हीवरचं औषध वेगळं आहे आणि आपण सगळे दुसऱ्याचं औषध पहिल्याला देत बसतो. एस. पिट कॉर्डर म्हणून भाषा शिकवण्यातले एक मोठे अभ्यासक होते, त्यांनी १९६७ मध्येच हा फरक मांडला होता, घाईत झालेली चूक वेगळी आणि शिकणाऱ्याच्या डोक्यात बसलेल्या व्यवस्थेतून येणारी चूक वेगळी, आणि ही दुसरी चूक म्हणजे तो कसा शिकतोय याचा पुरावा असतो असं त्यांचं म्हणणं. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी अशा घट्ट होऊन बसलेल्या चुकांना फॉसिल झालेल्या चुका म्हटलं. मला हे वाचून फार धीर आला, कारण तोवर मला वाटायचं आपल्यातच काहीतरी कमी आहे.

आता एकेक चूक घेते. माझ्या सातातल्या आहेत आणि आमच्या शनिवारच्या ग्रुपमधल्या बाकीच्यांच्या आहेत, आम्ही पाच-सहा जण शिफ्टनंतर बसतो.

'डिड ही वेंट' जात नाही

हा नियम कुणाला माहीत नाही? डिड आलं की क्रियापद मूळ रूपात, सातवीतली मुलंसुद्धा सांगतील. तरी 'डिड यू रिसीव्हड द मेल' होतंच. कारण बघा. मराठीत आपण म्हणतो 'तो गेला'. प्रश्न करायचा तर 'तो गेला का?' आणि नकार द्यायचा तर 'तो गेला नाही'. तिन्ही ठिकाणी 'गेला' हलत नाही, भूतकाळ क्रियापदाच्या अंगावरच राहतो आणि 'का', 'नाही' शेवटी येऊन चिकटतात. म्हणजे आपल्या डोक्यात 'का' म्हणजे डिड असं बसलंय, आणि 'गेला' म्हणजे वेंट आहेच, दोन्ही जोडले की 'डिड ही वेंट'. आपल्या हिशोबाने काहीच चुकलं नाही.

इंग्रजीत भूतकाळ एका क्रियापदावर एकदाच बसतो. डिड आला की तो भूतकाळ वेंटच्या अंगावरून काढून स्वतः घेतो, मग खाली उरतो नुसता गो. डझचंही तेच, 'डझ ही गोज' का चूक, तर तो एस डझने आधीच घेतला. एकदा हे कळलं की डिड आणि डझचे दोन वेगळे नियम पाठ करायची गरज राहत नाही.

पण कळून सवय होत नाही. सवयीसाठी आम्ही असं करतो की एकाने दिवसातलं खरं घडलेलं एक मराठी वाक्य म्हणायचं, 'गाडी आली', दुसऱ्याने तीन सेकंदात तिन्ही म्हणायची, 'द ट्रक केम, डिड द ट्रक कम, द ट्रक डिडन्ट कम'. लिहायचं नाही, तोंडाने. रिकाम्या जागा भरण्यात समोर पर्याय दिसत असतात, त्यामुळे ओळखायची सवय होते, तयार करायची होत नाही. रोज दहा वाक्यं, दहा-बारा दिवस, आणि वाक्यं स्वतःच्या दिवसातलीच पाहिजेत, राम आणि आंब्याची नकोत. एक अडचण मध्ये येते ती आधीच सांगते, 'कोण आलं?' याला डिड लागत नाही, 'हू केम?' एवढंच, कारण तिथे 'कोण' हाच कर्ता आहे. हे पहिल्या आठवड्यात मध्ये आणू नका, सगळा गोंधळ होतो.

'आय हॅव सेंट इट येस्टरडे'

ही माझी सगळ्यात जुनी चूक. चाळीस मेलमध्ये एकोणीस वेळा होती. 'वुई हॅव डिस्पॅच्ड द मटेरियल येस्टरडे.' शेजारी मी मराठी लिहिलं, 'मटेरियल काल पाठवलंय.' आता तुम्हीच सांगा, या मराठी वाक्यात काही खटकतंय का? 'मी कालच आलोय', 'बिल सोमवारीच भरलंय', आपण दिवसभर असंच बोलतो. 'पाठवलंय' म्हणजे पाठवलं आहे, या 'आहे'ला 'काल'चं वावडं नाही. इंग्रजीतल्या हॅवला आहे. हॅव सेंटचा एक पाय आजमध्ये असतो, त्याला संपलेल्या वेळेचं नाव चालत नाही. येस्टरडे, लास्ट वीक, इन २०१९, अॅट टेन ओक्लॉक, टू डेज अगो, यातलं काहीही वाक्यात आलं की हॅव काढायचा आणि साधा भूतकाळ, 'वुई डिस्पॅच्ड द मटेरियल येस्टरडे.' वेळ सांगायचीच नसेल तर 'वुई हॅव डिस्पॅच्ड द मटेरियल' एकदम बरोबर.

माझी सवय कशी सुटली ते सांगते. मी मेल लिहून झाला की फक्त हॅव आणि हॅज शोधायचे, कीबोर्डवर कंट्रोल एफ दाबून, आणि प्रत्येक हॅवपासून फुलस्टॉपपर्यंत बोट फिरवायचं, वाटेत 'कधी' याचं उत्तर लागलं की हॅव उडवायचा. बाकी काहीही तपासायचं नाही. एकच चूक, एकच शोध. दीड महिना लागला, पण त्यानंतर लिहितानाच हात थबकायला लागला. सगळ्या चुका एकदम तपासायला गेलं की एकही धड तपासली जात नाही, आधी माझं वर्षानुवर्षं तेच होत होतं.

'सिन्स फाइव्ह इयर्स'

हे पटकन सुटतं. मराठीत 'पासून' दोन्हीला चालतं, '२०१९ पासून' आणि 'पाच वर्षांपासून'. इंग्रजीत एकाला सिन्स, दुसऱ्याला फॉर. ओळखायचं कसं, तर 'झाली' लावून बघा. 'पाच वर्षं झाली' म्हणता येतं, म्हणून फॉर. '२०१९ झाली' म्हणता येत नाही, म्हणून सिन्स. आमच्या ग्रुपमध्ये हे एका बैठकीत सगळ्यांचं सुटलं. उरतं क्रियापद, 'मी इथे राहतोय' म्हणून आपण 'आय अॅम लिव्हिंग हिअर' लिहितो, पण मागून सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' लागतं. 'पासून' ऐकू आलं की हॅव बीन, एवढी गाठ मारून ठेवा.

'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' हे पण असंच. 'तो कुठे आहे?' आणि 'मला माहीत नाही तो कुठे आहे', मराठीत शब्द जागचा हलत नाही. इंग्रजीत सरळ प्रश्नात इज पुढे उडी मारतो आणि दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की परत जागेवर येतो, 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज'. 'कॅन यू टेल मी व्हेन विल द ट्रक रीच' असं आमच्याकडे रोज जातं, ते 'व्हेन द ट्रक विल रीच' पाहिजे. आणि 'आय अॅम नॉट अंडरस्टँडिंग', 'आय अॅम रिमेंबरिंग' हे 'समजत नाहीये', 'आठवतंय' मधून आलेलं आहे. समजणं, आठवणं, माहीत असणं, आवडणं, पाहिजे असणं, यांना इंग्रजीत सहसा आयएनजी लागत नाही.

अ आणि द, इथे थोडं थांबा

सगळ्यात जास्त लोक इथे हात टेकतात आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय तेही इथेच. द हा इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारा शब्द आहे, म्हणजे एकही मेल त्याच्याशिवाय जात नाही, आणि मराठीत तो नाहीच. मग सगळे सांगतात की तुमच्या भाषेत नाही म्हणून तुम्हाला जमणार नाही, नियम पाठ करा. नद्यांना द, पर्वतरांगांना द, वर्तमानपत्रांना द. हे मी पाठ केलं होतं. डिस्पॅचच्या मेलमध्ये नदी किती वेळा येते?

माझं म्हणणं असं की शब्द नसला तरी ती जाणीव मराठीत आहे, आणि चांगली धारदार आहे. हे बघा. 'तिच्यासाठी मुलगा बघतायत.' आणि 'ते मुलाला बघायला गेलेत.' पहिल्या वाक्यात मुलगा कोण, कुठला, काहीच ठरलेलं नाही, स्थळं शोधणं चालू आहे. दुसऱ्यात एक ठरावीक मुलगा आहे, त्याचं घर आहे, तारीख ठरलीये. फरक कुठे आहे? 'ला' मध्ये. 'मी डॉक्टर शोधतोय' म्हणजे कुठलाही चालेल, 'मी डॉक्टरांना शोधतोय' म्हणजे आपल्या त्या डॉक्टरांना. यात आपली कधीच चूक होत नाही, शाळेत न गेलेल्या आजीचीही होत नाही. पहिलं 'अ बॉय', 'अ डॉक्टर'. दुसरं 'द बॉय', 'द डॉक्टर'. हे मला ज्या दिवशी सुचलं त्या दिवशी मी जेवता जेवता उठून वहीत लिहून ठेवलं.

निर्जीव वस्तूंना 'ला' फारसा लागत नाही, तिथे दुसरी कसोटी. वाक्य मराठीत म्हणा आणि समोरचा 'कोणता?' असं विचारेल का ते बघा. 'बॉक्स फुटलाय.' पहिल्यांदाच सांगताय, तो विचारणार कोणता, तर 'अ बॉक्स इज डॅमेज्ड.' पुढच्या वाक्यात 'बॉक्स बदलून पाठवा', आता कुणी कोणता विचारत नाही, 'प्लीज रिप्लेस द बॉक्स.' स्टोअरमध्ये एकच वजनकाटा आहे, तर पहिल्या वाक्यापासूनच 'द वेइंग स्केल', कारण कुणी विचारणारच नाही. आणि जिथे सगळ्याच जातीबद्दल बोलताय, 'पाणी महत्त्वाचं', 'मुलं खेळतात', तिथे काहीच नको, 'वॉटर इज इम्पॉर्टंट', 'चिल्ड्रन प्ले'. यातून मेलमधल्या बहुतेक जागा सुटतात. नद्या आणि पर्वत नंतर कधीतरी.

मोजता न येणाऱ्या नामांचं पण थोडं इथेच सांगते. 'इन्फर्मेशन्स' ही चूक आमच्यात फारशी कुणी करत नाही, कारण 'माहित्या' असं मराठीतही कुणी म्हणत नाही. पण 'अॅडव्हायसेस' होतं, कारण आपल्याकडे 'सल्ले' आहेत. 'अ न्यूज' होतं, कारण 'एक बातमी' आहे. 'फर्निचर्स', 'इक्विपमेंट्स' पण तसंच. म्हणजे कुठे घसरणार ते मराठीवरून आधीच सांगता येतं. अशा शब्दांची यादी करताना जिथे मराठीत अनेकवचन होतं आणि इंग्रजीत नाही, तेवढेच शब्द वहीत घ्या. जिथे दोन्हीकडे सारखं आहे त्यावर वेळ घालवू नका.

डिस्कस अबाउट, मॅरीड विथ

'त्याबद्दल चर्चा केली' म्हणून डिस्कस अबाउट. 'तिच्याशी लग्न' म्हणून मॅरीड विथ. 'स्टेशनला पोचलो' म्हणून रीच्ड टू द स्टेशन. 'मला समजावून सांगा' म्हणून एक्स्प्लेन मी. यावर नियम शोधू नका, सापडणार नाही. शब्द लिहून घेतानाच त्याचा शेजारी सोबत लिहा, 'डिस्कस द इश्यू', 'मॅरीड टू हर', 'रीच द स्टेशन', 'एक्स्प्लेन इट टू मी'. एकटा शब्द वहीत घ्यायचाच नाही.

शब्द पाठ होतात आणि दोन आठवड्यांत जातात

आता व्होकॅबलरी. बहुतेकांची वही अशी असते, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, रोज दहा शब्द. महिन्याला तीनशे होतात आणि महिनाअखेरीला आठवतात चाळीस. यात तुमच्या मेंदूचा काही दोष नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये हे मांडलं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने जातं आणि मग गळती मंदावते. मधे मधे थोडी जागा सोडून उजळणी केली तर ते टिकतं. पण वही उघडून परत वाचणं ही उजळणी होत नाही. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण समजतो की आलं. उजवी बाजू वाचायची, डावी हाताने झाकायची आणि शब्द तोंडाने बाहेर आला तरच आला म्हणायचं.

मी खोक्याची पद्धत वापरते, ती सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ च्या सुमारास लोकप्रिय केली. जुन्या लग्नपत्रिका चौकोनी कापून चिठ्ठ्या केल्या, मिठाईच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे केले. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, तो रोज काढायचा. आठवलं की चिठ्ठी दुसऱ्यात, तो दोन-तीन दिवसांनी. मग तिसरा आठवड्याने, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्याने. कुठेही अडलं की चिठ्ठी सरळ पहिल्या कप्प्यात परत. मोबाइलवर हेच करायचं असेल तर अँकी नावाचं अॅप आहे, अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट. मला कागद बरा वाटतो कारण चिठ्ठी लिहितानाच निम्मा शब्द बसतो. रोज पाचच नवे. दहा घेतले की तिसऱ्या आठवड्यात पहिला कप्पा ओसंडतो आणि माणूस खोकंच उघडायचं सोडून देतो, आमच्यातल्या तिघांचं असं झालं.

चिठ्ठीवर काय लिहायचं यात खरी गोम आहे. मराठीत 'करणे' एकटा सगळी कामं करतो, चूक करणे, फोन करणे, प्रयत्न करणे, होमवर्क करणे, मदत करणे. इंग्रजीत 'मेक अ मिस्टेक', 'मेक अ कॉल', 'मेक अॅन एफर्ट', पण 'डू होमवर्क', आणि मदतीला नुसतं 'हेल्प'. तसंच 'जोरदार पाऊस' म्हणून स्ट्राँग रेन लिहिलं जातं, ते 'हेवी रेन' पाहिजे. 'लाइट बंद कर' म्हणून 'क्लोज द लाइट', ते 'टर्न ऑफ द लाइट'. म्हणून माझ्या चिठ्ठीच्या एका बाजूला अख्खा मराठी तुकडा असतो, 'त्याच्याकडून चूक झाली', आणि मागे 'ही मेड अ मिस्टेक'. 'मिस्टेक म्हणजे चूक' अशी चिठ्ठी मी फाडून टाकते.

आणि कोणते शब्द आधी? पेपरच्या अग्रलेखातले अवघड शब्द गोळा करत बसू नका. मायकल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार नेहमीच्या शब्दांची यादी केली होती, त्यानंतर तशा नव्या याद्याही झाल्या. अशी एखादी यादी घेऊन आधी तेवढे दोन हजार पक्के करा, नुसते ओळखता येणारे नाही, वापरता येणारे. गेट, टेक, पुट, टर्न, कीप हे साधे दिसणारे शब्दच बोलताना नडतात.

वाचन तिसऱ्या पानावर थांबतं

याची दोन कारणं मी बघितलीयेत. पहिलं, पुस्तक चुकीचं निवडलेलं असतं. कुणीतरी सांगतं इंग्रजी पेपर वाचा, माणूस डिक्शनरी घेऊन बसतो, एका कॉलमला पाऊण तास लागतो आणि आठवड्यात पेपर बंद. हू आणि पॉल नेशन या दोन भाषा-अभ्यासकांचा २००० सालचा अभ्यास आहे, त्यात असं दिसलं की गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नासात एक अनोळखी. म्हणून पुस्तक घेताना मधलं कुठलंही पान उघडा, शंभर शब्द मोजा, अनोळखी शब्दांना पेन्सिलने टिंब करा. दोन-तीन टिंबं आली तर घ्या. सात-आठ आली तर ते पुस्तक वाचनाचं नाही, सध्या अभ्यासाचं आहे, ठेवून द्या आणि सोपं घ्या. शिकणाऱ्यांसाठी शब्दसंख्या ठरवून लिहिलेली पुस्तकं मिळतात, ऑक्सफर्ड बुकवर्म्समध्ये पहिल्या पायरीला ४०० मूळ शब्द आणि सहाव्या पायरीला २५००. फुकट पाहिजे तर विकिपीडियाची सोप्या इंग्रजीतली वेगळी आवृत्ती आहे, सिंपल इंग्लिश, २००१ पासून चालू आहे, क्रिकेट, हृदय, मान्सून, जे आवडतं ते त्यात वाचा. लहान मुलांचं पुस्तक वाचतोय असं वाटून लाजू नका, मी पस्तिशीत ४०० शब्दांचं पुस्तक वाचलंय आणि ते पहिलं इंग्रजी पुस्तक जे मी शेवटपर्यंत वाचलं, त्या रात्री मला फार आनंद झाला होता.

दुसरं कारण म्हणजे शब्द सगळे येतात तरी वाक्य कळत नाही. आमच्या इथला स्टोअरचा एक दादा, हुशार माणूस, एक मेल घेऊन आला होता. 'द मटेरियल सेंट बाय द सप्लायर लास्ट वीक हॅज नॉट बीन इन्स्पेक्टेड.' तो म्हणाला, मटेरियलने पाठवलं असं कसं, आणि मग हे हॅज कुठून आलं. शब्द एकही अनोळखी नव्हता. तो सेंटलाच मुख्य क्रियापद समजून पुढे गेला होता आणि हॅजपाशी आपटला. मी त्याला म्हटलं, हेच मराठीत म्हण. तो म्हणाला, 'सप्लायरने गेल्या आठवड्यात पाठवलेलं मटेरियल अजून तपासलं नाही.' बघा, 'पाठवलेलं'! मराठीत हे 'लेलं' नामाच्या आधी येतं आणि इंग्रजीत तेच नामाच्या मागून येतं, म्हणून आपला डोळा फसतो. तेव्हापासून तो वाचताना नामाच्या मागे सेंट, मेड, गिव्हन, कॉल्ड असं काही दिसलं की आधी 'लेला-लेली-लेलं' लावून बघतो. लागलं की त्या तुकड्याला पेन्सिलने कंस करतो आणि कंसाच्या बाहेरचं क्रियापद शोधतो. 'द मटेरियल... हॅज नॉट बीन इन्स्पेक्टेड.' बस्स, वाक्य मोकळं झालं. हू आणि व्हिचच्या वाक्यांनाही हाच कंस चालतो, 'जो काल आला तो' मधला 'जो' पासूनचा भाग कंसात टाकायचा.

वाचताना अनोळखी शब्दाला थांबायचं नाही, टिंब करून पुढे जायचं. तोच शब्द तीनदा आला आणि त्याच्यावाचून अडतंय असं वाटलं तरच डिक्शनरी.

लिहिताना चूक गेली पण बोलताना परत येते

हे होणारच, सगळ्यांचं होतं. लिहिताना तपासायला वेळ मिळतो, बोलताना मिळत नाही, घाई झाली की जुनी वाट आधी सापडते. यासाठी मी मीटिंगच्या आदल्या रात्री मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करते, उद्या जे बोलायचंय तेच, वाचून नाही, मनाने. मग ऐकते आणि फक्त एकच चूक मोजते, त्या महिन्याची जी असेल ती. मार्चमध्ये हॅव मोजत होते, दोन मिनिटांत सहा यायचे, मेअखेरीला एक किंवा शून्य. सध्या द चालू आहे. स्टोअरच्या दादाने डिड घेतलाय, काल सकाळी त्याने गेटवर ट्रान्सपोर्टवाल्याला फोनवर विचारलं, 'डिड द ड्रायव्हर लीव्ह?' आणि फोन ठेवून माझ्याकडे बघून नुसता हसला.